विकलेली इशापूरची थ्री-नॉट-थ्री परत मिळाली; तिच्यावरची तार पुन्हा गुंडाळावी का?

दूरस्थ (धागाकर्ता)

पश्चिम बंगालमधील इशापूरच्या रायफल कारखान्यात १९४२ साली तयार झालेली .३०३ बोअरची एक ली-एनफिल्ड रायफल माझ्या संग्रहात होती. नोकरीनिमित्त एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाताना संग्रहातील बऱ्याच वस्तू विकल्या, त्यांत तीही गेली. दहा-बारा वर्षांनंतर तीच रायफल पुन्हा माझ्याकडे आली आहे. ती ओळखू कशी आली, मधल्या काळात तिच्यात काय बदल झाले आणि आता तिचे काय करावे, हे येथे सविस्तर मांडतो. शेवटच्या प्रश्नावर मला तुमची मते हवी आहेत.

मी अमेरिकेत ओहायो राज्यात राहतो. पन्नास वर्षांहून जुन्या शस्त्रांचा संग्रह करणाऱ्यांसाठी येथे केंद्र सरकारचा वेगळा परवाना असतो. त्याची मुदत तीन वर्षांची आणि शुल्क तीस डॉलर आहे. परवानाधारकाने एक बांधीव नोंदवही ठेवावी लागते. प्रत्येक शस्त्र कोणाकडून कधी घेतले, कोणाला कधी दिले, बनावट कोणती, बोअर कोणते आणि क्रमांक काय, हे सर्व तिच्यात लिहावे लागते. कायद्यासाठी ठेवलेली ही वही मला मात्र पुढे दुसऱ्याच कामी आली.

ज्यांनी ही रायफल केवळ पोलीस चौकीत पाहिली आहे, त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. ब्रिटिश सैन्याने १९०७ मध्ये ‘मार्क तीन’ नमुना स्वीकारला. पहिल्या महायुद्धात उत्पादनाचा वेग वाढवण्यासाठी १९१६ च्या सुरुवातीस त्यातील काही भाग वगळण्यात आले. मॅगझिन बंद करून एकेक काडतूस भरू देणारी कटऑफ पट्टी गेली आणि दूर अंतरावरील सामुदायिक गोळीबारासाठी नेम धरायची बाजूची साइटही गेली. या सोप्या केलेल्या नमुन्याच्या नावापुढे तारांकन असते. इशापूरने दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतरही याच नमुन्याचे काम चालू ठेवले. ब्रिटन, कॅनडा आणि अमेरिकेत नंबर चारचा नवा नमुना बनू लागला होता, तरी भारतात तो कधी बनला नाही. म्हणूनच दहा काडतुसांचे मॅगझिन आणि नळीच्या तोंडापर्यंत लाकूड असलेली ही जुनी आकृती आपल्याकडे इतकी दीर्घकाळ टिकली.

माझ्या रायफलीच्या उजव्या बाजूला, दस्ता जिथे पोलादी भागात बसतो त्या पट्टीवर मुकुट आहे, त्याखाली जी. आर. आय. ही सम्राटाची अक्षरे, इशापूर हे नाव, १९४२ हे साल आणि नमुन्याची खूण आहे. प्रजासत्ताकानंतरच्या रायफलींवर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभावरील सिंह येतात, त्यामुळे या पट्टीकडे एकदा पाहिले की कालखंड कळतो. पुढच्या लाकडातून आरपार जाणारा मजबुतीचा स्क्रू हे भारतीय रायफलींचे आणखी एक लक्षण आहे आणि तो हिच्यातही आहे. या सर्वांहून मोलाची गोष्ट म्हणजे पुढच्या लाकडावर घट्ट गुंडाळून डाख दिलेली तांब्याची तार. लाकूड फुटल्यामुळे कोणीतरी तार बांधली असावी, असा समज येथील अनेक खरेदीदारांचा असतो आणि तो चुकीचा आहे. नळीच्या तोंडाशी डिस्चार्जर (ग्रेनेड ठेवायचा पेला) बसवून ग्रेनेड फेकण्यासाठी ज्या रायफली वेगळ्या काढल्या जात, त्यांनाच असे तारेचे वेष्टण मिळे.

ऑनलाइन लिलावात इशापूरच्या रायफली पाहणे हा माझा नित्याचा छंद आहे. एका यादीतील छायाचित्रात क्रमांक दिसला आणि तो ओळखीचा वाटला. केवळ क्रमांकावर मात्र विसंबता येत नाही, कारण अक्षर आणि आकडे यांची मालिका कारखान्यात पुन्हापुन्हा वापरली जाई. कारखाना, साल, अक्षर आणि आकडा या चारही गोष्टी जुळाव्या लागतात. नोंदवही उघडली, चारही जुळल्या. त्याशिवाय दस्त्याच्या मागच्या टोकाशी आर्मररने (शस्त्रे दुरुस्त करणाऱ्या कारागिराने) बसवलेले लाकडाचे छोटे ठिगळ होते. त्याच्या कडा आणि त्यातील रेषांचा कल मी विक्रीपूर्वी काढलेल्या छायाचित्रांशी ताडून पाहिला. नोजकॅपवरचा (पुढच्या टोकाच्या धातूच्या टोपीवरचा) जुना क्रमांक आडव्या रेघेने रद्द करून शेजारी या रायफलीचा क्रमांक ठोकलेला आहे, तोही तसाच होता. त्यानंतर शंकेला जागा उरली नाही. मी विकली त्या किमतीच्या दुपटीहून अधिक मोजून ती घेतली.

लिलावातील छायाचित्रांतच दिसले होते की तार आता नाही. माझ्यानंतरच्या एका मालकाने ती कापून काढली, लाकूड पॉलिशपेपरने घासले आणि त्यावर चकाकणारे वॉर्निश चढवले. लाकडावर ठोकलेल्या तपासणीच्या खुणा त्या घासण्यात पुसल्या गेल्या. धातूचे भाग, बोल्ट (काडतूस नळीत बंद करणारा सरकता दांडा) आणि साइट मात्र मूळच्याच आहेत आणि त्यांचे क्रमांक जुळतात. तारेचे वेढे जिथे होते तिथे वॉर्निशखाली अजून बारीक खाचा दिसतात.

माझ्याकडे तिची जुनी छायाचित्रे आहेत, त्यामुळे वेढे कुठे सुरू होत आणि कुठे संपत हे मला नेमके ठाऊक आहे. तीच रुंदी, तेच अंतर राखून तार पुन्हा गुंडाळावी का? की रायफल आज जशी आहे तशी ठेवावी? माझा स्वतःचा कल न गुंडाळण्याकडे आहे. ज्या काळात ती माझी नव्हती, तो काळही तिच्याच इतिहासाचा भाग आहे असे मला वाटते. पण हे मत अजून पक्के झालेले नाही.

वारणाकाठ

लेख अतिशय आवडला. माझे आजोबा मराठा पलटणीत होते, त्यामुळे हा विषय आमच्या घरात जिव्हाळ्याचा आहे. १९४१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये एरिट्रियातील केरेनच्या डोंगरांत मराठ्यांच्या तुकड्या लढल्या. इटलीत १० जुलै १९४४ रोजी नाईक यशवंत घाडगे यांनी आणि ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी शिपाई नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. जाधवांनी जखमी साथीदारांना एकामागून एक नदीपार आणले आणि नंतर एकट्याने मशीनगनची ठाणी बंद पाडली, त्यात ग्रेनेडचाच मोठा वाटा होता. आपली रायफल एखाद्या मराठा पलटणीत होती का, हे खुणांवरून काढता येईल का?

दूरस्थ

वारणाकाठ, मनापासून आभार. पूर्वी दस्त्याच्या बाजूला एक पितळी चकती बसवलेली असे आणि तिच्यावर पलटणीचे नाव व रायफलीचा क्रमांक ठोकत. पहिल्या महायुद्धात नमुना सोपा करताना ही चकतीही वगळली गेली. त्यामुळे १९४२ च्या इशापूर रायफलीवरून तिची पलटण ठरवता येत नाही. येथील बाजारात काही विक्रेते अशा रायफलींना ‘बर्मा आघाडीवरची’ किंवा ‘गुरखा पलटणीची’ असे म्हणून किंमत वाढवतात. कागदाचा पुरावा सोबत नसेल तर त्या दाव्यावर एक डॉलरही जास्त देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हिच्यावर संपूर्ण दुरुस्तीची एफ. आर. ही खूण आहे. म्हणजे ती सैन्यात वापरली गेली, झिजली आणि कारखान्यात परत येऊन पुन्हा कामाला लागली. खुणांवरून एवढेच सांगता येते आणि मला तेवढे पुरते.

गंजपेठ

भारतात असा संग्रह करता येईल का, हे कृपया कोणी सांगावे. पुण्यात जुनी शस्त्रे जमवणारे काही जण पाहिले आहेत, पण ती तलवारी-कट्यारींपुरती.

दूरस्थ

भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली .३०३ हे निषिद्ध बोअर आहे, त्यामुळे सामान्य नागरिकाला या रायफलीचा परवाना मिळत नाही. याच कारणासाठी नागरी परवानाधारकांसाठी .३१५ बोअरची स्पोर्टिंग रायफल बनवली गेली. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादाही तीनवरून दोनवर आणली. उलट अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने थांबलेली जुन्या लष्करी शस्त्रांची आयात १९८४ मध्ये संग्राह्य शस्त्रांपुरती खुली झाली आणि त्यानंतर इशापूरच्या रायफली येथे मोठ्या संख्येने आल्या. भारतात ज्या रायफली वितळवल्या गेल्या किंवा कोठारांत बंद राहिल्या, त्यांच्या बहिणी येथे मध्यमवर्गीय माणसाच्या कपाटात आहेत, ही वस्तुस्थिती मला नेहमी विचारात पाडते. त्यांची नीट नोंद ठेवण्याची जबाबदारी आम्हा इथल्या भारतीय संग्राहकांवर अधिक आहे असे मी मानतो.

खडकीवासी

या रायफलीचे महाराष्ट्राशी नाते हवे असेल तर ते काडतुसात सापडेल. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची स्थापना १८६९ ची. .३०३ काडतुसाच्या बुडावर के आणि एफ ही अक्षरे दिसली की ते खडकीचे समजावे. जगभरच्या संग्राहकांना ही अक्षरे ठाऊक आहेत. या जुन्या काडतुसांच्या टोपीतील रसायन जळल्यावर क्षार मागे ठेवते आणि त्याने नळी आतून गंजते. म्हणून सैन्यात गोळीबारानंतर नळीतून उकळते पाणी ओतण्याची शिस्त होती. तुमच्या रायफलीच्या नळीची आतून स्थिती कशी आहे?

दूरस्थ

खडकीवासी, नळीतील पीळ स्पष्ट आहेत, मात्र तोंडाजवळ थोडे खड्डे आहेत. तुमच्या माहितीशी ते जुळते. माझ्याकडे के. एफ. शिक्क्याची काही रिकामी काडतुसे आहेत, ती रायफलीशेजारीच ठेवली आहेत.

अण्णा देवळालीकर

मी सैन्यात ईएमईमध्ये (यंत्रे-शस्त्रे दुरुस्त करणाऱ्या दलात) शस्त्रदुरुस्तीच्या कामावर होतो. आपल्या मताचा आदर राखून मी विरुद्ध बाजू मांडतो.

तार ही शोभेची वस्तू नव्हती. ३६ नंबरचा ग्रेनेड सुमारे पाऊण किलोचा असतो. डिस्चार्जरच्या पेल्यात तो बसवला की त्याचा लिव्हर पेल्याच्या भिंतीने दाबून धरला जातो. पेल्यातून बाहेर पडल्यावर लिव्हर उडतो आणि फ्यूज जळू लागतो. फेकण्यासाठी शिशाच्या गोळीचे काडतूस चालत नाही, केवळ दारूचे विशेष काडतूस लागते. एवढे वजन नळीने ढकलायचे म्हणजे धक्का इतका मोठा की दस्ता खांद्याला न लावता जमिनीवर टेकवावा लागतो. अशा माऱ्यात लाकूड फाटू नये आणि नळीला काही झाले तर शिपायाच्या हाताला इजा होऊ नये, म्हणून हे वेष्टण. रायफलीला सैन्याने जे काम नेमून दिले, त्याची खूण म्हणजे ही तार. ज्याने ती कापली त्याने ते काम पुसले. आपल्याकडे छायाचित्रे आहेत, खाचा आहेत, म्हणजे अंदाजाने काही करायचे नाही. मग पुसलेले पुन्हा लिहिण्यात गैर काय? नवीन काम आहे अशी नोंद ठेवा आणि तार गुंडाळा. नाहीतर उद्या पाहणाऱ्याला ही एक साधी, घासलेली थ्री-नॉट-थ्री दिसेल.

याच ग्रेनेडची जागा घेणारे नवे बहुउद्देशीय ग्रेनेड ऑगस्ट २०२१ मध्ये नागपुरात सैन्याच्या स्वाधीन झाले, हेही येथे नमूद करतो. इतका दीर्घकाळ जे शस्त्र सेवेत होते, त्याच्याशी जोडलेली रायफल तशी दिसली पाहिजे.

जतन

मी एका वस्तुसंग्रहालयात लाकूड आणि धातू यांच्या जतनाचे काम करते. अण्णांनी मांडलेला मुद्दा हलका नाही, आणि आमच्या क्षेत्रातही यावर दोन मते आहेत. तरीही मी धागाकर्त्यांच्या बाजूने आहे आणि माझे कारण तांत्रिक आहे.

तार घट्ट बसवायची तर ती ताणून गुंडाळावी लागेल आणि तिच्यावर डाख द्यावा लागेल. उष्णता आणि डाखासाठी लागणारे आम्ल हे दोन्ही लाकडावर नवे डाग पाडतील, आणि जुन्या तारेच्या ज्या खाचा आज पुरावा म्हणून शिल्लक आहेत त्या नव्या तारेच्या दाबाने बदलतील. आज कोणीही त्या खाचा मोजू शकतो. नवी तार बसल्यावर खाली जुने काय होते हे सांगणारे काही उरणार नाही. जे काम उलटवता येत नाही ते शक्य तोवर करू नये, असा आमचा दंडक आहे.

वॉर्निशची गोष्ट वेगळी आहे. ते लाकडाच्या वर बसलेले आहे आणि योग्य द्रावकाने उतरते. आधी बटप्लेट (दस्त्याच्या मागच्या टोकाची धातूची पट्टी) काढून तिच्याखालच्या, नजरेस न येणाऱ्या जागेवर चाचणी करा. खरवडू नका, पॉलिशपेपर तर हातातही घेऊ नका. वॉर्निश उतरले की कच्च्या जवसाच्या तेलाचे अगदी पातळ हात द्या. सैन्यातही हेच तेल वापरत, आणि ते सावकाश मुरते हा त्याचा गुण आहे. हे सुरू करण्यापूर्वी अंधाऱ्या खोलीत एका बाजूने तिरपा प्रकाश टाकून लाकडाची छायाचित्रे घ्या. घासलेल्या लाकडातही ठोकलेल्या खुणांचा तळ कधीकधी शिल्लक असतो आणि तिरप्या उजेडात तो वाचता येतो.

अण्णा देवळालीकर

जतनताई, डाखाच्या आम्लाचा मुद्दा मला मान्य आहे. कारखान्यात ही कामे होत तेव्हा लाकडाचे काय होईल याची चिंता कोणी करत नसे. तरी माझे म्हणणे मी पूर्ण मागे घेत नाही. डाख न देता, खाली कापडी फीत ठेवून तार गुंडाळली आणि टोके अडकवली, तर ती कधीही काढता येईल. प्रदर्शनात मांडताना बसवावी आणि एरवी काढून ठेवावी.

कासारवाडा

एक सुरक्षेचा प्रश्न आहे. आपण या रायफलीतून गोळीबार करणार आहात का? ग्रेनेडसाठी वापरलेल्या रायफलींच्या नळीवर आणि बोल्टवर ताण आलेला असतो, असे वाचनात आले आहे.

दूरस्थ

कासारवाडा, नाही. ग्रेनेडसाठी वेगळ्या काढलेल्या रायफलीतून साधी गोळी केवळ निकडीच्या प्रसंगी झाडायची, असाच सैन्यात दंडक होता. हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टचे तोंड आणि नळीचे मागचे टोक यांच्यातले अंतर, मी गेजने तपासली आहे. .३०३ साठी किमान .०६४ इंच आणि कमाल .०७४ इंच अशी मर्यादा असते. माझी रायफल मर्यादेत आहे, पण वरच्या टोकाला आहे. लिलावातून जुनी रायफल घेणाऱ्या प्रत्येकाने ही तपासणी जाणकाराकडून करून घ्यावी, विशेषतः बोल्टवरचा क्रमांक नळीशी जुळत नसेल तर. बोल्ट दुसऱ्या रायफलीचा असेल तर हेडस्पेसची कसलीच खात्री देता येत नाही.

गंजपेठ

मधल्या मालकांशी आपले बोलणे झाले का? त्यांना ही हकीकत कशी वाटली?

दूरस्थ

झाले. नावे अर्थातच लिहीत नाही. ज्यांच्याकडून मी ती परत घेतली, त्यांनी ती घासलेल्या अवस्थेतच घेतली होती आणि हिच्यावर कधी तार होती हे त्यांना ठाऊक नव्हते. मी जुनी छायाचित्रे पाठवली तेव्हा त्यांनी स्वतःहून आधीच्या मालकाशी गाठ घालून दिली. ते गृहस्थ वयस्कर असून लाकूडकामाचा त्यांना छंद आहे. त्यांच्या दृष्टीने त्यांनी एका मळलेल्या रायफलीला चांगले रूप दिले होते. त्यांच्यावर राग धरावा असे मला वाटले नाही. त्यांनी प्रामाणिकपणे काय काय केले ते क्रमाने लिहून पाठवले, कोणते वॉर्निश वापरले तेही सांगितले, आणि ही माहिती आता द्रावक निवडताना उपयोगी पडणार आहे. कापलेली तार त्यांनी भंगारात दिली होती.

सर्वांची मते वाचून माझा निर्णय झाला आहे. तार गुंडाळणार नाही. अण्णा, तुमची फितीची सूचना मी गांभीर्याने विचारात घेतली. तरीही लाकडावर तार दिसली की पाहणारा ती मूळची समजेल, आणि माझ्यानंतर ही रायफल ज्याच्या हाती जाईल त्याच्यापर्यंत माझी नोंद पोहोचेलच याची हमी मी देऊ शकत नाही. बाजारात नंतर तार गुंडाळून जास्त किमतीला विकलेल्या रायफली आधीच पुष्कळ आहेत, त्यांत माझी भर नको. त्याऐवजी जुनी छायाचित्रे, खाचांची मापे, मधल्या मालकाचे पत्र आणि वॉर्निश उतरवण्याची टिपणे यांची एक फाइल करीन. त्याचा सारांश टिकाऊ कागदावर लिहून दस्त्याच्या आतल्या, तेलाची बाटली ठेवायच्या पोकळीत ठेवीन. तुम्ही सांगितलेली तारेची पूर्ण हकीकत, डिस्चार्जरसह, मी त्या सारांशात घालणार आहे. तुमची हरकत नसेल तर आपले शब्द जसेच्या तसे घेईन.

अण्णा देवळालीकर

जरूर घ्या. त्यात एवढे जोडा की असा मारा करताना रायफल तिरपी धरून दस्ता जमिनीवर टेकवत असत. बटप्लेटवर त्या वापराचे ओरखडे असतील तर त्यांचेही माप घ्या. बटप्लेट पितळी असेल तर ते ठळक दिसतील.

दूरस्थ

बटप्लेट पितळी आहे आणि तिच्या टाचेच्या बाजूला आडवे ओरखडे आहेत. आजवर मी त्यांच्याकडे त्या दृष्टीने पाहिले नव्हते. त्यांची छायाचित्रे येथे देईन.

वारणाकाठ

आणखी एक विचारायचे राहिले. हिची संगीन आपल्याकडे आहे का?

दूरस्थ

संगीन रायफलीबरोबरच विकली होती आणि ती परत आलेली नाही. मधल्या मालकाने ती वेगळी विकली. कायद्याने संगीन शस्त्रपरवान्याच्या नोंदीत येत नाही, त्यामुळे कोणाच्याच नोंदवहीत तिचा पुढचा प्रवास लिहिलेला नाही. तिचे वर्णन देऊन ठेवतो. जुन्या सतरा इंची पात्याऐवजी दुसऱ्या महायुद्धात भारतात बारा इंची पात्याची आखूड संगीन निघाली, त्या प्रकारची ती आहे. मुठीच्या लाकडी पट्ट्यांपैकी डाव्या पट्टीचा खालचा कोपरा तुटलेला आहे, आणि म्यानाच्या चामड्यावर पांढऱ्या दोऱ्याची हाताने घातलेली शिवण आहे. अमेरिकेत किंवा कॅनडात कोणाच्या पाहण्यात आली तर कृपया मला निरोप पाठवावा.